समजलं तेवढं वाजवलं

मुखरू मडावीशी माझी ओळख झाली ती भांडणातून. भांडत मी होते. तो नुसता विचारत होता.

एकोणीसशे पंचावन्न सालची गोष्ट. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात मोहटोला नावाच्या गावी एक लोकविद्यापीठ निघालं होतं आणि मी गोंडपिपरीहून तिथे शिक्षिका म्हणून नुकतीच आले होते. शिक्षिका तयार करायचा तीन वर्षांचा वर्ग माझ्याकडे होता. वर्ग होता, फळा होता, खडू होते. मुली तेवढ्या नव्हत्या. म्हणून मी गावच्या कोतवालाला बोलावून त्याच्या हातात कागद ठेवला आणि उद्याच्या बाजारात दवंडी द्यायला सांगितली. कागदावर लिहिलं होतं, 'लोकविद्यापीठाच्या कन्यावर्गात प्रवेश सुरू.'

कोतवाल म्हणजे मुखरू. चाळिशीचा, काटकुळा माणूस. काखेत डफडं, कानामागे अर्धी विडी. त्याला वाचता येत नव्हतं, तेव्हा मीच वाचून दाखवलं. तो जायला निघेल असं मला वाटलं, तर तो पायरीवर ऐसपैस बसला.

"प्रवेश म्हंजे काय जी?"

"आत येणं."

"कुठी आत?"

"वर्गात. दुसरीकडे कुठे?"

"मंग भायेर कवा येतेत?"

माझा स्वभाव आधीच तापट. त्यात दुपारची वेळ, आणि गावात येऊन चार दिवस होत नाहीत तोवर ही उलटतपासणी. मी म्हटलं, "संध्याकाळी येतात बाहेर! घरी जातात, जेवतात, झोपतात! तुला नुसतं ओरडायचंय ना? मग ओरड की!"

तो जराही चिडला नाही. "समजल्याबिगर मी वाजवत नाई, बाई," म्हणाला. "लोक मलेच पुसतेत ना मंग."

दुसऱ्या दिवशी बाजारात त्याने आधी मराठीत आणि मग गोंडीत दवंडी दिली ती अशी, की मोठ्या झोपडीत नवीन बाई आली आहे, पोरगी सकाळी आत जाईल, सांजेला घरी येईल, मधल्या वेळात तिला कोणी कुठे नेणार नाही. त्या आठवड्यात दोन मुली आल्या. मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. तोंडावर मानले नाहीत.

पण त्याच्या प्रश्नांनी दरवेळी असा फायदा होई, असं मी म्हणणार नाही. कित्येकदा तो नुसता डोकं खाई. एकदा रामाजी पाटलांचा बैल हरवला. मुखरूने त्याचा रंग विचारला, शिंगं विचारली, तो रुसून गेला की वाट चुकला तेही विचारलं. पाटील उत्तरं देत होते तोवर बैल स्वतःच गोठ्यात येऊन उभा राहिला. पुढे छप्पन सालच्या नोव्हेंबरात आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, तेव्हा तर त्याने तहसिलातून आलेल्या कारकुनाला रडकुंडीला आणलं. "गाव कुठी सरकलं जी? नदी तिथीच हाये, मोहाचं झाड तिथीच हाये. मंग गेलं काय?" कारकून म्हणाला, राज्य गेलं. मुखरू म्हणाला, जाताना दिसलं नाही ते. दवंडी दिली एकदाची, पण कितीतरी दिवस तो येणाऱ्याजाणाऱ्याला मुंबई कुठल्या बाजूला आहे हे विचारत राही आणि त्या बाजूला टक लावून पाही.

त्याची ही खोड कुठून आली, ते त्याच्या बायकोने, धुरपताने, मला सांगितलं. त्याचा बापही कोतवाल होता. त्याने एकदा साहेबाचा हुकूम आला तसा जोरात ओरडून सांगितला आणि त्या हुकुमाचा अर्थ मागून असा निघाला की आपल्याच लोकांना रानातून लाकूड आणायला बंदी झाली. लोक वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. "तवापासून ह्यो असा हाये," धुरपता म्हणाली. "मले मांगणी घातली, तवाबी माह्या बापाले पुसत होता, लगन म्हंजे नेमकं काय काय करा लागते."

आता विद्यापीठाविषयी सांगायला हवं. विद्यापीठ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे घड्याळाचा मनोरा येत असेल तर तो पुसून टाका. कुडाच्या भिंतींच्या तीन मोठ्या झोपड्या (एकीत मुलांचे वर्ग, एकीत माझ्या मुली, एकीत मुलांचं वसतिगृह), एक विहीर, एक स्वयंपाकघर, बस्स. त्याला विद्यापीठ म्हणत होते ते फक्त गुणवंतराव. ते त्याचे संस्थापक. नागपूरची चांगली नोकरी सोडून, बायकोला घेऊन ते या जंगलात येऊन राहिले होते. सागाच्या फळीवर त्यांनी आपल्या नावाखाली 'कुलगुरू' असं रंगवून घेतलं होतं. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणत असू. माणूस सोन्यासारखा. पोरांना ताप आला तर उशाशी बसून राहणारा. फक्त एकच दुखणं होतं, मोठ्या शब्दांचं. गुरुजींचं वाक्य सुरू झालं की ते संपेपर्यंत ऐकणाऱ्याची विडी विझून जाई. दर महिन्याला ते एक प्रगतीवार्ता लिहीत. विद्यापीठात काय वाढलं, काय बदललं, पुढे काय होणार, हे जनतेला कळलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह. जनता म्हणजे मोहटोला आणि आसपासच्या पाड्यांवरची माणसं, आणि त्यांना कळवणारा मुखरू.

पहिल्याच प्रगतीवार्तेने जो गोंधळ केला तो आठवला की मला अजून हसू आवरत नाही. मजकूर असा होता: 'येत्या गुरुवारी लोकविद्यापीठाची वाढ व पुढील दिशा यांविषयी कुलगुरू निवेदन करतील, तरी सर्वांनी अगत्याने उपस्थित राहावे.' गुरुजी धानोऱ्याला जायच्या घाईत होते, बंडी जुंपलेली होती. मुखरू बंडीच्या मागे मागे चालत विचारत होता, "वाढ म्हंजे काय जी?"

"अरे, वाढ म्हणजे वाढ! विद्यापीठाची वाढ! एवढंही समजत नाही का तुला?"

बंडी गेली. मुखरू रस्त्यात उभा राहून विचार करत राहिला. वाढ म्हणजे वाढ. भात वाढ, वरण वाढ, पंगतीत आपण म्हणतो तेच. आणि पीठ तर कोणालाही ठाऊक आहे. राहिली विद्या. तर विद्या हे गव्हाचंच नागपुराकडचं नाव असावं, असं त्याने ठरवलं. आमचा मुलूख भात खाणारा. गव्हाची पोळी म्हणजे लग्नकार्यात मिळाली तर मिळाली. त्याला अर्थ इतका लख्ख समजला की त्याने बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता चार पाडे जास्तीचे फिरून दवंडी दिली: "गुरुवारी गुरुजीकडं पिठाची वाढ हाये हो! घरटी सगळ्यायनं या!"

गुरुवारी माणूस लोटला. म्हातारे, लेकुरवाळ्या, आंधळ्या काकाला खांद्याला धरून आणणारे, सगळे आले. आवारात रांगा धरून बसले. प्रत्येकाच्या हातात पळसाच्या पानांची पत्रावळ. ती बुडाखाली घ्यायला आणली असावी अशी गुरुजींची समजूत झाली. त्यांचे डोळे भरून आले होते. "पाहिलंस रुखमा," मला म्हणाले, "ज्ञानाची भूक म्हणतात ती ही!" आणि ते बोलायला उभे राहिले. ते बोलत राहिले आणि लोक शहाण्यासारखे ऐकत राहिले. शेवटी एकदाचं भाषण थांबलं तेव्हा पहिल्या रांगेतला म्हातारा जंगू फार अदबीने उठला.

"गुरुजी, मस्त बोलले. पन पोळ्या कवा निंगतेत जी?"

गुरुजींचा चेहरा पाहवेना. पण त्यांची बायको सुगंधाबाई मोठी खमकी. तिने कोणाला काही न विचारता वसतिगृहाच्या तांदळाची कोठी उघडली, लाखोळीची डाळ शिजत घातली आणि मला हाताला धरून चुलीशी नेलं. पोळ्या काही झाल्या नाहीत. भात झाला, डाळ झाली, गावातल्या बायकांनी पळत जाऊन घरची भाजी आणली. सगळे जेवले. एकटा मुखरू जेवला नाही. तो माझ्या पायरीवर डफडं पालथं घालून बसला होता. "बाई, मले वाटलं समजलं," तो म्हणाला, "समजलंच नोतं." त्याला इतकं वाईट वाटलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. त्यानंतर तो अर्थ विचारण्याच्या बाबतीत दुप्पट कडक झाला.

गंमत अशी, की त्या चुकीचाच पुढे रिवाज पडला. महिन्यातला तो गुरुवार 'वाढीचा दिवस' झाला. लोक घरून मूठ मूठ तांदूळ आणत, पत्रावळी आणत. गुरुजी वाढीविषयी बोलत आणि सुगंधाबाई वाढत असे. गुरुजी सुरुवातीला कुरकुरले, मग त्यांनाही भरल्या रांगांची चटक लागली. आणि खरं सांगते, विद्यापीठ वाढलं ते या पंगतींमुळेच. जेवायला आलेली आई भिंतीवरची अक्षरं पाही, वाचणाऱ्या मुली पाही, घरी जाऊन नवऱ्याशी बोले आणि पुढच्या महिन्यात पोरीला घेऊन येई. मुखरूची मुलगी बुधरी अशीच आली. चौथी करून घरी बसली होती, बापाबरोबर पंगतीला आली आणि पत्रावळ टाकायला जाताना माझ्या फळ्यापुढे थांबली. फळ्यावर हृदयाचं चित्र होतं. तिने विचारलं, "बाई, हे एकाच बाजूनं काऊन धडधडते?" बापाचीच लेक. मी तिला त्याच दिवशी वर्गात घेतलं.

बुधरीला शिकवणं म्हणजे रोज सासुरवास. एक उत्तर दिलं की त्याच्या पोटातून दुसरा प्रश्न. पण ती शिकली. तिसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवू लागली होती, निदान लहान मुलांना तरी, कारण ती गोंडीतून सुरुवात करी आणि मराठीत आणून सोडी. उन्हाळ्यात गडचिरोलीला सरकारी परीक्षा होती. ती झाली की बुधरी मास्तरीण. त्या रानातली पहिली. मुखरू रोज संध्याकाळी येऊन आज काय शिकली ते विचारी, आणि तिने सांगितलेलं दुसऱ्या दिवशी बाजारात लोकांना फुकट सांगे.

आणि नेमक्या त्या हिवाळ्यात, सत्तावन्न साल सरताना, विद्यापीठाला वाढीचा झटका आला.

चांद्याच्या एका धनवान गृहस्थाला गुरुजींचं काम आवडलं. त्याने शहरात एक पक्की इमारत देऊ केली. विटांची, दुमजली, विजेचे दिवे असलेली. अट एकच, विद्यापीठ तिथे आणायचं. गुरुजी चांद्याहून परत आले ते हवेतच चालत होते. इतकी वर्षं कुडाच्या भिंती लिंपल्या, लोकांच्या कुचेष्टा ऐकल्या, त्या माणसाला दुमजली इमारतीचं स्वप्न पडलं तर मी त्याला दोष देणार नाही. फक्त एक अडचण होती. जमीन गावाने दिलेली होती, आणि गाव हो म्हटल्याशिवाय विद्यापीठ इथून हलवणार नाही, असा शब्द गुरुजींनीच पहिल्या दिवशी दिला होता. म्हणून सभा बोलवायची ठरली. त्यांनी प्रगतीवार्ता लिहिली आणि मुखरूच्या हाती दिली. तो नेहमीसारखा माझ्या पायरीवर आला. मी पाट्या तपासत होते.

मी वाचलं. 'लोकविद्यापीठ वाढीच्या नव्या पर्वात पदार्पण करीत असून, त्याचे चांदा येथे स्थलांतर योजिले आहे. विद्यार्थ्यांची निवासव्यवस्था सिद्ध असून कन्या वसतिगृह पुढील टप्प्यात होईल.' शेवटची ओळ मी दोनदा वाचली. चांद्याला जायचं हे उडत उडत कानावर आलं होतं, मुलींचं हे मला नवीन होतं.

"स्थलांतर म्हंजे?" मुखरूने विचारलं.

"जागा बदलणं. विद्यापीठ चांद्याला जाणार."

"अख्खं?"

"अख्खं."

"पोट्ट्यायची सोय हाये म्हंता. अन् पोरी?"

"पोरींची पुढच्या टप्प्यात."

"पुढचा टप्पा म्हंजे कवा जी?"

"ते लिहिलेलं नाही, मुखरूभाऊ."

"गुरुजीले मालूम हाये का?"

"नसावं."

त्याने कानामागची विडी काढली, पण पेटवली नाही. आत वर्गात बुधरी धाकट्या मुलींना काहीतरी समजावून सांगत होती, तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मग तो म्हणाला, "समजलं." हा शब्द मी त्याच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता. तो उच्चारताना त्याचा चेहरा नेहमी फुलायचा. त्या दिवशी फुलला नाही.

मी उसळले. "समजलं कशाला म्हणतोस? सांग जाऊन, समजलं नाही म्हणून! तू वाजवल्याशिवाय सभा भरत नाही. उन्हाळ्यापर्यंत विचारत रहा त्यांना, वाढ म्हणजे काय, पर्व म्हणजे काय. तोवर बुधरीची परीक्षा होऊन जाईल!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले होते. "बाई, समजलं नसतं त नसतं वाजवलं," तो म्हणाला. "आता समजलं ना. समजलं त वाजवा लागते." आणि तो डफडं उचलून निघून गेला. मला त्याचा इतका राग आला की हातातली पाटी मी जमिनीवर आपटली आणि ती फुटली.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम गेले. मुखरू चिंचेखाली उभा राहिला, डफडं वाजवलं आणि सरळ, कोरड्या आवाजात म्हणाला: "ऐका हो! विद्यापीठ इथून चांद्याले चाललं. पोरगं पाठवाचं असंल त सोय हाये. पोरगी पाठवाची असंल त नाई. कवा होईल मालूम नाई. गुरुवारी गुरुजी गावाले पुसणार हायेत. या." मग तेच गोंडीत. मिरच्या मोजणाऱ्या बाईचा हात तराजूवरच राहिला. मी धुरपताला शोधत होते. ती वाळल्या मोहफुलांच्या टोपलीपाशी बसून नवऱ्याकडे पाहत होती.

गुरुजींनी त्याला ताबडतोब बोलावून घेतलं. मी आणि सुगंधाबाई स्वयंपाकघराच्या दारात होतो.

"मुखरू, हे काय केलंस? मी 'वाढ' लिहिलं होतं. तो शब्दच तू गाळलास!"

"तो मले समजला नाई जी," मुखरू खाली मान घालून म्हणाला. "समजलं तेवढं वाजवलं."

"इतकी वर्षं दर महिन्याला वाढ वाढ म्हणून ओरडतोस, आणि आज समजला नाही?"

"ते समजते जी. पन हे ते नाई वाटलं."

गुरुजी लालबुंद झाले. म्हणाले, चांद्याला आपण लाउडस्पीकर घेणार आहोत, तिथे असले प्रश्न उरणार नाहीत. झालं. हे ऐकल्याबरोबर मुखरू स्वतःचं दुःख विसरला. मान वर झाली, डोळे चमकले. "ते काय असते जी?" गुरुजींनी नाइलाजाने सांगितलं, की एका टोकाला हळू बोललं की दुसऱ्या टोकाच्या कर्ण्यातून गावभर ऐकू येतं. मुखरूने त्यावर नीट विचार केला.

"मंग त्याले समजते का जी?"

अगदी भाबडेपणाने विचारलं त्याने. टोमणा मारणं त्या माणसाला जन्मात जमलं नाही. सुगंधाबाई पदर तोंडाला लावून आत पळाली.

गुरुवार आला. लोक आले, सगळेच आले, पण आवारात कोणी रांग धरली नाही. उभेच राहिले. गुरुजींना सवय भरल्या पंगतीपुढे बोलायची. ते म्हणाले, "बसा ना."

"बसून काय करू जी," जंगू म्हणाला. "पत्रावळी कुठी आणली?"

"का नाही आणली?"

"मुखरूनं वाढ हाये म्हटलं नाई."

गुरुजींनी चष्मा नीट केला आणि वाचायला सुरुवात केली. वाढीच्या नव्या पर्वात, असं ते म्हणाले मात्र, आणि आईच्या कडेवरच्या चारदोन पोरांनी चटकन स्वयंपाकघराकडे माना वळवल्या. तिथे धूर नव्हता. गुरुजी अडखळले. त्यांनी पुन्हा तेच वाक्य घेतलं आणि कसंबसं शेवटापर्यंत नेलं. मग मुखरूकडे वळून म्हणाले, "गोंडीत सांग यांना."

मुखरू पुढे झाला. "सांगतो जी. पन पुढचा टप्पा कवा, तेवढं सांगा. तेवढंच नाई समजलं."

गुरुजींनी कागदाकडे पाहिलं. कागद उलटून पाहिला. खोटं बोलणं त्यांना सुचलंही नसतं, म्हणून तर मी त्यांच्याकडे नोकरीला टिकले. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

मुखरूने लोकांकडे तोंड करून ते गोंडीत सांगितलं. फार थोडे शब्द लागले. मग तो परत वळला.

"आजून एक पुसतो जी. हे गावाचं नाई, माहं हाये. बुधरीची परीक्षा उनायात हाये. ती आता शिकन कुठी?"

तीन वर्षांत हजार प्रश्न विचारले असतील त्याने, पण स्वतःसाठी हा पहिलाच. बुधरी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, आणि त्या दोन्हींपैकी मी काहीच करू शकत नव्हते.

गुरुजींनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. बुधरीकडे पाहिलं, जंगूकडे पाहिलं, त्या उभ्या माणसांकडे पाहिलं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"सुगंधा," त्यांनी हाक मारली, "चूल पेटली आहे का?"

"नाही. कोणी सांगितलंच नाही."

"पेटव."

मग ते लोकांना म्हणाले, "मुलींचा वर्ग इथून हलणार नाही. मुलांचा चांद्याला जाईल. हो म्हणता का?" एवढंच. इतकी छोटी वाक्यं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मुखरूला गोंडीत सांगावंही लागलं नाही. पण त्याने सांगितलं, कारण ते त्याला समजलं होतं. आणि शेवटी स्वतःच्या मनाने जोडलं, की वाढ हाये, पत्रावळी घेऊन या. लोक घराकडे पळाले.

यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. जूनमध्ये मुलं गेली, दोन शिक्षक गेले, ती सागाची फळीसुद्धा गेली. मुलांच्या झोपडीत शेळ्या बसू लागल्या आणि मी सकाळ-संध्याकाळ त्यांना हाकलत राहिले. गुरुजी चांद्याला राहू लागले, महिन्याच्या गुरुवारी मोटारीने आणि मग बंडीने येत. धनवान गृहस्थ मुलींच्या वर्गावरून त्यांना टोचून बोले म्हणे. त्यांनी ते ऐकून घेतलं. आम्हाला कधी सांगितलं नाही. सुगंधाबाईकडून कळलं.

पण त्याआधी उन्हाळ्यात परीक्षा झाली, आणि पावसाच्या तोंडावर निकाल. तो पाहायला मी बुधरीला घेऊन गडचिरोलीला गेले. आम्ही परतलो तो बाजाराचा दिवस. गावाच्या शिवेवरच मुखरू उभा होता, केव्हापासून कोण जाणे.

"पास," मी लांबूनच ओरडले.

"पास म्हंजे?"

मी कपाळाला हात लावला. बुधरी हसत पुढे गेली आणि बापाला सांगू लागली. "म्हंजे आता मी मास्तरीण, बा. सरकार मले शाळा देईल. आपल्याच रानात. लेकरं माह्याकडं येतीन शिकाले."

"तुले समजंल का सगळं, ते पुसतीन ते?"

"नाई समजलं त म्हनीन नाई समजलं. अन् पाहीन."

त्याने मान हलवली. "समजलं," म्हणाला, आणि तरातरा बाजाराकडे चालू लागला. आम्ही मागे मागे गेलो. चिंचेखाली जाऊन त्याने डफडं वाजवायला सुरुवात केली. माणसं गोळा झाली. तो वाजवतच राहिला. तोंड उघडायचा, मिटायचा, आणि पुन्हा वाजवायचा.

"काय रे मुखरू," जंगू म्हातारा काठी टेकत पुढे आला. "काऊन बोलत नाई? आज समजलं नाई का?"

मुखरूने टिपरी धरलेल्या हाताने डोळे पुसले. "समजलं ना, काका," तो म्हणाला. "पुरं समजलं. त्याच्यानंच त बोलता येऊन नाई राह्यलं."

त्याने ती दवंडी दिलीच नाही. लोकांनी बुधरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. धुरपता मोहाची टोपली तशीच टाकून उठली आणि बाजाराच्या कडेच्या पळसाची पानं तोडू लागली. तिच्यामागून दुसरी बाई उठली, मग तिसरी. वाढीचा दिवस नव्हता, पण त्या संध्याकाळी कोणी घरी जेवलं नाही.